काटेपेटी आणि प्राध्यापक मंडळी

प्राध्यापकाला वस्तू विकणं काय असतं, हे ज्यानं विकली त्यालाच ठाऊक. प्राध्यापक आधी वस्तूतली त्रुटी सांगतात, मग चहा सांगतात आणि चहा संपता संपता म्हणतात, "कल्पना चांगली आहे हो, पण आमच्याकडं नाही चालायची." मी हे वाक्य सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या बहुतेक स्टाफरूममध्ये ऐकलंय. नव्वदच्या दशकातली बरीचशी वर्षं माझं पोट या वाक्यावरच चाललं म्हणायला हरकत नाही. कारण ते ऐकून जो परत फिरला तो विक्रेता नव्हे, आणि मी काही परत फिरणाऱ्यांतली नाही.

मी बी. एस्सी. झाले, फिजिक्स घेऊन. बँकेच्या परीक्षा देऊन झाल्या, त्यांनी मला घेतलं नाही. माधवनगरला अण्णांचा छोटा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन लेथ आणि सात-आठ माणसं. अण्णा पूर्वी एका कापडगिरणीत वायरमन होते. ती नोकरी सुटल्यावर त्यांनी शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी सामान बनवायला सुरुवात केली. नादकाटे, लंबक, विजेच्या प्रयोगांचे मीटर, असलं सगळं. मला घेताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मोठ्या माणसास्नी भितीस काय गं?" मी म्हटलं, नाही. "मग उद्यापास्नं ये. मला भ्या वाटतंय, म्हणून इचारलं."

अण्णांना मोठ्या माणसांची भीती वाटायची हे खरं, पण डोकं मात्र त्यांचं बिनधास्त चालायचं. एकदा ते मुलीच्या प्रवेशासाठी कॉलेजात गेले होते. वर्गाच्या दाराशी थांबून त्यांनी अर्धा तास शिकवणं ऐकलं आणि परत येऊन मला म्हणाले, "आगं, त्यो मास्तर एकटाच बोलतोय की. समोरच्या साठ पोरांच्या डोक्यात काय चाललंय, ह्येचा त्याला पत्ताच न्हाई. गिरणीत एक धागा तुटला तरी कळायचं आमास्नी." त्या विचारातून काटेपेटी निघाली.

आता ही काटेपेटी काय होती ते सांगते, कारण आज ती कुठंच बघायला मिळणार नाही. प्रत्येक विद्यार्थ्यापुढं एक लाकडी डबी, तिच्यावर चार बटणं: अ, ब, क, ड. बटणं घराच्या बेलची. सगळ्या डब्यांच्या वायरी एकत्र होऊन टेबलावरच्या मोठ्या पेटीत जायच्या. त्या पेटीवर चार मीटर, चार काटे. सरांनी प्रश्न विचारायचा, चार उत्तरं द्यायची, आणि पोरांनी आपल्याला पटेल ते बटण दाबून धरायचं. जेवढी जास्त बोटं 'ब'वर, तेवढा 'ब'चा काटा वर. कुणी कोणतं बटण दाबलं ते कुणालाच कळत नाही, पण वर्गाला किती समजलं ते एका नजरेत कळतं. वीज गेली तरी अडत नव्हतं, सगळं स्कूटरच्या बॅटरीवर चालायचं. आज मुलं मोबाइलवर हेच करतात आणि त्याला केवढी मोठी इंग्रजी नावं आहेत! आम्ही ते बेलच्या बटणांवर करून दाखवलं होतं, हे मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

पेटी मोठ्या पत्र्याच्या ट्रंकेत बसायची. ती ट्रंक आणि मी एस. टी.नं फिरायचो. कंडक्टर विचारायचे, "ताई, रुखवत घिऊन कुठं निघालाय?" बाई असल्याचा मला फायदाच झाला. पुरुष विक्रेता असता तर त्याला शिपायानंच फाटकातून परत लावला असता. मला मात्र शिपाई ट्रंक उचलून स्टाफरूमपर्यंत आणून द्यायचे, प्राध्यापक उठून खुर्ची द्यायचे, आणि 'नाही' म्हणायच्या आधी निदान ऐकून तरी घ्यायचे.

पहिलं वर्षभर एकही पेटी गेली नाही. कारणं भरपूर ऐकली. पोर्शन पुरा होत नाही, त्यात हे कधी करायचं? वायरी उंदीर खातील. (खाल्ल्या. ते खरंच होतं.) वस्तू आपल्या नावावर लागली आणि मोडली तर निस्तरायचं कुणी? एका गृहस्थांनी तर सांगितलं, "आमच्या मुलांना चार पर्याय दिले की ती पाचवा निवडतात." मी ही सगळी कारणं प्रामाणिकपणे अण्णांना सांगायचे आणि अण्णा त्यावर उपाय काढत बसायचे. उंदरांसाठी वायरींना पाइप आला, वेळ वाचावा म्हणून जोडणी सोपी झाली. तरी पेटी जागची हलेना.

मग एक दिवस मला खरं कारण कळलं, आणि ते कुणी सांगितलं नाही, मी बघितलं. सांगलीतल्या एका कॉलेजात प्रात्यक्षिक चाललं होतं. पेटी टेबलावर, तोंड वर्गाकडं, म्हणजे काटे सगळ्यांना दिसावेत असे. सरांनी प्रश्न विचारला. काटे वर गेले, ते चुकीच्या उत्तरावर. वर्गात खसखस पिकली. पोरं एकमेकांना हसत होती, पण सरांचा चेहरा असा पडला की जणू त्यांनाच कुणीतरी नापास केलंय. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमची पेटी परीक्षा घेत होती, आणि ती पोरांची नव्हती.

मी माधवनगरला येऊन अण्णांना म्हटलं, "पेटीचं तोंड फिरवा. काटे फक्त सरांना दिसू देत." अण्णा म्हणाले, "एवढंच?" एवढंच. त्या वर्षी पाच पेट्या गेल्या. माणूस नवी गोष्ट का घेत नाही यावर लोक मोठमोठे प्रबंध लिहितात म्हणे. वीज, वेळ, प्रशिक्षण, साहेबांचा पाठिंबा, सगळं त्यात असतं, आणि ते खोटंही नसतं. पण माझ्या अनुभवानं सांगते, चारचौघांत आपलं हसं होणार नाही एवढी खात्री दिली तर प्राध्यापक वायरीसुद्धा स्वतः जोडतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार होती. साताऱ्याच्या एका इतिहासाच्या प्राध्यापकांनी मला दारातच सांगितलं, "बाई, इतिहासात चार पर्याय नसतात." मी म्हटलं, "असू देत, चहा तर घेऊ या." त्यांनी गंमत म्हणून पेटी आठवडाभर ठेवून घेतली. मी न्यायला गेले तर सोडायला तयार नाहीत! ते असा प्रश्न विचारायचे की ज्याची चारही उत्तरं बरोबर ठरू शकतील: राजानं हा तह का केला? काटे चारी बाजूंना विखुरले की ते हात चोळत म्हणायचे, "हं, आता भांडा." आणि पोरं भांडायची. शेजारच्या वर्गातून तक्रार जायची. आम्ही मोठ्या अभिमानानं बरोबर उत्तर शोधायला काढलेली पेटी त्यांनी वाद लावायला वापरली, आणि माझ्या मते ती सर्वांत चांगली वापरली.

उलट सांगलीच्या एका बाईंनी पेटी घेतली, हार घालून पूजा केली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. दोन वर्षांनी विचारलं तर म्हणाल्या, "अगदी जशीच्या तशी आहे हो, ओरखडासुद्धा नाही." त्यांना वाटलं मी खूश होईन. अशा कुलपात गेलेल्या पेट्यांचं मला आजही वाईट वाटतं. वस्तू विकली गेली म्हणजे पोचली असं नसतं.

पण ज्या तासासाठी मी हे सगळं लिहायला बसले, तो कोरेगाव भागातल्या एका कॉलेजातला. कॉलेजचं नाव सांगत नाही, सरांचंही खरं नाव सांगत नाही, नलवडे सर म्हणू या.

नलवडे सर तिथं फिजिक्सचे विभागप्रमुख होते. सहा फूट उंची, पांढरा शुभ्र शर्ट, आणि आवाज असा की मैदानावर खो-खो खेळणाऱ्या पोरांनाही न्यूटनचे नियम ऐकू यावेत. आसपासच्या गावांतून पोरं त्यांच्या नावावर या कॉलेजला यायची. वर्गात ते कधी बसले नाहीत, कधी पुस्तक उघडलं नाही, आणि त्यांचा पोर्शन जानेवारीत संपला नाही असं एकही वर्ष गेलं नाही. माणूस सरळ होता. शिकवण्यावर मनापासून जीव होता.

त्यांच्या हाताखाली सुरेखाबाई होत्या. हंगामी नेमणूक, दर वर्षी नव्यानं मिळायची. औंधजवळच्या गावच्या. घरचा ऊस, भाऊ फौजेत, आणि घराण्यात एम. एस्सी. झालेली ही पहिलीच मुलगी. त्या शिकवताना सारख्या थांबून प्रश्न विचारायच्या, आणि उत्तर नाही आलं तर पुन्हा मागून सुरुवात करायच्या. त्यामुळं त्यांची दोन प्रकरणं मागं राहिली होती. नलवडे सरांना पोर्शन मागं राहणं म्हणजे शेतात तण राहण्यासारखं वाटायचं. पुढच्या वर्षी बाईंना ठेवायचं की नाही ते सरांच्या शब्दावर होतं, आणि सरांनी प्राचार्यांना तोंडी सांगूनही टाकलं होतं, की बाई हुशार आहेत पण वेळ घालवतात, दुसरं कुणीतरी बघू या.

हे मला सुरेखाबाईंनीच सांगितलं, पेटी बघताना. त्यांनी पेटी हाताळली, काट्यांकडं बघितलं आणि एकदम म्हणाल्या, "वंदनाताई, मी वेळ कशात घालवते ते ह्या पेटीत दिसतंय बघा. सरांना एकदा दाखवाल का? नाहीतर एप्रिलनंतर मी घरी. आमच्याकडं पुन्हा कोण शिकवायला पाठवतंय? लग्नाचं बघायला लागतील." एवढं बोलून त्या हसल्या, पण पेटीवरचा त्यांचा हात हलला नाही.

मी गेले सरांकडं. त्यांनी नेहमीची कारणं दिली नाहीत. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाईंच्या वर्गात तुमचे काटे नाचतील, कारण तिथं गोंधळच आहे. माझ्या वर्गात लावून बघा. एकाच जागी उभे राहतील."

"लावू या की, सर," मी म्हटलं.

"आज लावा. आत्ता माझा पहिल्या वर्षाचा तास आहे."

मी आणि सुरेखाबाईंनी मिळून डब्या मांडल्या, वायरी जोडल्या. पेटीचं तोंड मी सवयीनं सरांकडं केलं. सर आत आले, पेटीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "काटे पोरांना दिसत नाहीत?"

"नाही सर. फक्त तुम्हाला."

"का? मला काय लपवायचंय?" असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी ती जड पेटी उचलली आणि वर्गाकडं तोंड करून ठेवली. स्वतः पुढं येऊन पहिल्या बाकाशी उभे राहिले, म्हणजे त्यांनाही दिसावं. सुरेखाबाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. आमचं दोघींचंही काम आता सरांच्या समाधानावर होतं, आणि सरांनी स्वतःच स्वतःला चव्हाट्यावर आणून ठेवलं होतं.

तास त्यांच्या आवडीचा होता, वजनरहित अवस्था. लिफ्टमध्ये उभा असलेला माणूस. लिफ्ट वर निघाली तर काय, खाली निघाली तर काय, आणि दोर तुटला तर काय. मी फिजिक्स शिकलेली बाई, पण इतकं सुंदर मी कधी ऐकलं नव्हतं. फळ्यावरची लिफ्ट काय, बाण काय, आवाजातला चढउतार काय! शेवटी हातातला खडू झटकून त्यांनी विचारलं, "समजलं?"

"हो सर!" सगळा वर्ग एका सुरात.

सरांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे ऐकलंत ना. मग प्रश्न सांगितला. लिफ्टचा दोर तुटून ती खाली पडू लागली, तर आतल्या माणसाला स्वतःचं वजन किती भासेल? अ, होतं तेवढंच. ब, दुप्पट. क, निम्मं. ड, शून्य.

बटणं दाबली गेली. 'ब'चा काटा सरसर वर चढला आणि थेट टोकाला जाऊन थांबला. 'ड'चा जागचा जेमतेम हलला.

कुणी हसलं नाही. सांगलीच्या त्या वर्गात हसले होते, इथं साठ पोरांच्या वर्गात वायरीवर पाय सरकल्याचा आवाज आला एवढंच. सरांना वाटलं पेटी बिघडली. ते मला म्हणाले, "तपासा." मी तपासली, पेटी ठीक होती. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा 'ब'.

"आत्ता हो म्हणालात ना?" सरांचा आवाज खाली आला होता. "मग हे काय?"

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, रोज सायकलनं येणारी. "सर, आमी लिफ्ट बघितलीच न्हाई."

"कुणीच नाही?"

मागून एक आवाज आला, "मी बघितली हाय, सर. पुण्याला. पर बसलो न्हाई, भ्या वाटलं."

"अगं, मग तसं सांगायचं. 'समजलं' कशाला म्हणता?"

ती मुलगी खाली बघत म्हणाली, "आवं सर, तुमी लय जीव तोडून शिकवता. न्हाई म्हनायचं म्हंजी... तुमास्नी वाईट वाटलं असतं."

तिच्या बोलण्यात कसलाही टोमणा नव्हता. आपल्याकडं पाहुण्याला कालवण कसं झालंय विचारलं की मीठ कमी असलं तरी तो 'झकास' म्हणतो, तसंच ते होतं. वर्षानुवर्षं ही पोरं सरांना 'झकास' म्हणत आली होती. सर्वांत जास्त 'हो' त्यांना मिळालं, कारण सर्वांत जास्त प्रेम त्यांच्यावर होतं.

सर मागं सरले आणि पहिल्याच बाकाच्या कडेला बसले. त्यांना वर्गात बसलेलं कुणी बघितलं नव्हतं, त्यामुळं पोरं घाबरली. मला खात्री झाली, की संपलं. आता हा माणूस आपला सगळा राग पेटीवर काढणार, आणि पेटी मागणाऱ्या बाईंवर. सुरेखाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सुरेखाबाई," सर म्हणाले, "इकडं या. तुम्ही हे कसं सांगता?"

त्या उठल्या. फळ्याशी आल्या, खडू घेतला, आणि परत ठेवला. वर्गाकडं वळून विचारलं, "यमाईच्या जत्रेत मोठ्या पाळण्यात कोण कोण बसलंय?"

जवळजवळ सगळे हात वर.

"पाळणा वरून खाली येताना काय होतं?"

"पोटात गोळा येतोय!" पाच-सहा जण एकदम.

"आणि बूड?"

वर्ग हसला. "उचलल्यागत वाटतंय, बाई!"

"जड वाटतं का हलकं?"

"हलकं!"

"पाळणा अजून जोरात खाली आला तर?"

वर्ग थांबला. विचार करताना साठ माणसं कशी दिसतात ते मी त्या दिवशी पाहिलं. मग त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीनंच हळू आवाजात म्हटलं, "आनी हलकं... आगं बया, म्हंजी दोर तुटला तर काईच न्हाई राहनार की!"

"दाबा बटणं," सुरेखाबाई म्हणाल्या.

'ड'चा काटा वर गेला. कसा गेला ते अण्णांनी बघायला हवं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्याची लाज वाटत नाही. सरांनी त्या काट्याकडं बराच वेळ बघितलं. घंटा झाली तरी पोरं उठेनात, कारण सर उठले नव्हते.

मी वायरी गुंडाळत होते तेवढ्यात सर म्हणाले, "ते नंतर करा. प्राचार्यांकडं चला." आम्ही तिघं निघालो. सुरेखाबाई केबिनच्या दाराशी थांबल्या. आत यायचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि हंगामी माणूस न सांगता आत जात नाही. मी पेटीचं काय ठरलं ते ऐकायला आत गेले.

प्राचार्यांनी हसून विचारलं, "काय सर, यंत्र नापास केलंत ना?"

"नाही. घ्या ते."

प्राचार्य चकित झाले. मग आठवल्यासारखं करून म्हणाले, "बरं, आणि त्या बाईंच्या जागी माणूस बघायचं म्हणत होता. पोर्शन मागं आहे त्यांचा."

"दोन प्रकरणं मागं आहे," नलवडे सर म्हणाले. त्यांच्या बाह्यांवर खडूची पूड तशीच होती. "त्यांची दोन राहिलीत, साहेब. माझं सगळंच राहिलंय. आपल्याला दोघांपैकी एकालाच ठेवायचं असेल, तर त्यांना ठेवा."

सर उठले, दार उघडलं आणि बाहेर उभ्या असलेल्या सुरेखाबाईंना म्हणाले, "आत या, बाई. उभ्या कशाला?" आणि त्यांना बसायला आपली खुर्ची पुढं ओढून दिली.